महिना २० हजार कमावणारे घर गरीब की सधन? प्रत्येक योजनेचे उत्तर वेगळे

महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. शहरात चौघांचे घर एवढ्यात चालवताना भाडे, शाळेची फी, गॅस यांचा मेळ बसत नाही. सरकारी निकष काय सांगतात?

रेशन : महाराष्ट्रात १ लाखावर उत्पन्न गेले की शिधापत्रिका पांढरी. ही मर्यादा १९९९ची. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मोफत धान्य मिळते. शहरात त्यासाठीची मर्यादा ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही.

घर : पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) ३ लाखांपर्यंत 'आर्थिक दुर्बल'.

आरक्षण : ईडब्ल्यूएससाठी मर्यादा ८ लाख.

म्हणजे हेच कुटुंब घरासाठी दुर्बल, धान्यासाठी सधन. महागाईबरोबर पगाराचा आकडा वाढतो, रेशनची मर्यादा मात्र जागेवरच. त्यामुळे परिस्थिती न सुधारताही कुटुंब यादीबाहेर जाते.