जुन्या जीपमध्यें जड ट्रान्स्फर केस घालावी काय?

आमच्या कृषकबंधूंपैकीं कित्येकांच्या गोठ्याशेजारीं अद्याप जुनी विलीज-धाटणीची जीप उभी दिसते. सन १९४५ मध्यें अमेरिकेंत ‘सीजे-२ए’ ही जीप निघाली, तीच मुळीं शेतकऱ्यांस डोळ्यांसमोर ठेवून. आणि १९४७ पासून आपल्या देशांत महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी सुरू केली. अशा गाडींत अधिक जड ट्रान्स्फर केस बसविण्याची हौस पुष्कळांस असते. तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

गिअरपेटीच्या पाठीस लागलेली ही दुसरी पेटी इंजिनाची शक्ति पुढील व मागील आंसांस वांटून देते आणि लो-गिअरमध्यें ओढ वाढविते. जुन्या विलीजमधील ‘स्पायसर १८’ पेटीचें लो-गिअरचें प्रमाण सुमारें २.४६ असे. १९८० ते १९८६ मधील अमेरिकन जीपच्या ‘डाना ३००’ पेटीचें तें २.६२ आहे. म्हणजे ओढींतील लाभ शेंकडा सातही नाहीं! आतां खर्च पाहा. १८ नंबरच्या पेटीचा मागील दांडा गाडीच्या एका अंगास निघतो, ३०० चा मध्यावर. सबब मागील आंस बदलणें आलें, प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचे करणें आलें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मूळ विलीजचा हातब्रेक चाकांवर नसून याच पेटीच्या मागील तोंडावरील ड्रमवर असतो. पेटी उतरली कीं हातब्रेकही उतरला. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारांनीं पेटी बदलली. हातब्रेक ‘मागाहून बसवूं’ म्हणून राहिला. एके दिवशीं खत भरलेली ट्रॉली जोडलेली जीप उतारावरून आपोआप घरंगळली व बांधास अडली. बांधापलीकडे मुलें खेळत होतीं. त्या दिवसापासून आम्हांस या हौसेची भीति वाटते.

शिवाय एक भाग दणकट केल्यानें ताण नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या दुबळ्या भागावर जातो. नाडा नवा आणि मोट फाटकी, अशी ही गत.

जुनी पेटी खरोखर झिजली असेल, तर त्याच जातीची पुढील काळांतील पेटी शोधावी. युद्धकालीन जीपच्या पेटींत मधल्या दातेरी चाकाचा दांडा पाऊण इंच जाडीचा होता. पुढें तो सव्वा इंचाचा झाला. गिअरपेटीशीं जुळणारें भोंक व दाते आधीं मोजावे. अशानें बळकटी येते व हातब्रेकही जागच्या जागीं राहतो.

आम्ही यंत्रज्ञ नव्हे; आमची हयात महसुली दप्तरांत गेली. म्हणून कागदाचेंही सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदलांस आडवें येतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला. सातबाऱ्यावर ज्वारी व शेतांत ऊस असला म्हणजे पंचनाम्याचे वेळीं काय होतें, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. सबब गाडीस हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाचें उत्तर लेखी घ्यावें. आणि हातब्रेक जागेवर नसेल तोंवर गाडी आवाराबाहेर काढूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.