लिंडन जॉन्सन : सुधारक की युद्धखोर?

अमेरिकेचा सुधारक राष्ट्राध्यक्ष म्हटला की आपल्याकडे लिंकनचे नाव निघते आणि त्याखालोखाल केनेडीचे. केनेडी देखणा होता, बोलायचा छान आणि ऐन उमेदीत मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या लिंडन जॉन्सनचे नाव घ्यावे, तर समोरचा फक्त ‘व्हिएतनाम’ म्हणतो आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये असे मला वाटते. केनेडीने जे बोलून दाखवले ते कायद्यात उतरवले जॉन्सनने. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे हा फरक मला जरा जास्त कळतो. माझी फी माफ झाली ती कुणाच्या ओजस्वी भाषणाने नव्हे, सरकारी निर्णयाच्या एका कागदाने.

जॉन्सनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासमधील स्टोनवॉल या खेड्याजवळचा. वडील राज्याच्या विधिमंडळात होते खरे, पण शेतीत बुडाले आणि घर कर्जात गेले. सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात शिकताना पोराजवळचे पैसे संपले, तेव्हा १९२८ साली शिक्षण मध्येच थांबवून तो कोटुला या गावी मास्तर झाला. शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांची. गोऱ्यांची मुले तिथे नसत. ही मुले सकाळी उपाशीपोटी येत, आणि आपला तिरस्कार केला जातो एवढे त्यांना कळे, का केला जातो ते कळत नसे. हे सारे जॉन्सनने सांगितले ते १५ मार्च १९६५ रोजी, काळ्यांच्या मतदानहक्कासाठी संसदेपुढे उभे राहून. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तो सॅन मार्कोसला आपल्या जुन्या कॉलेजात गेला आणि गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व कर्ज देणाऱ्या उच्च शिक्षण कायद्यावर त्याने तिथेच सही केली. पैशापायी शिक्षण अडलेल्या माणसाने केलेला हा कायदा आहे. तुम्ही त्याला नाटकीपणा म्हणा हवे तर!

पण मी त्याला संत ठरवायला निघालेलो नाही. १९३७ साली संसदेत गेल्यावर जवळजवळ वीस वर्षे हाच गृहस्थ काळ्यांच्या हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मत देत आला. १९४८ साली सिनेटची उमेदवारी त्याने अवघ्या ८७ मतांनी जिंकली, आणि तीही एका मतपेटीत मागाहून दोनशे मते वाढल्यावर. (आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार फार परका वाटू नये.) कुणाला कुठे पकडायचे, कुणाला कसे चुचकारायचे, हे तो सिनेटमध्ये शिकला. आणि माझा मुद्दा इथेच आहे. १९६४ साली दक्षिणेतल्या सिनेटरांनी नागरी हक्क विधेयक नुसती भाषणे करून आठवडेच्या आठवडे रोखून धरले. चर्चा बंद करायला ६७ मते हवी होती. जॉन्सनने विरोधी पक्षाच्या डर्कसनला मोठेपणा देऊन आपल्याकडे वळवले आणि १० जूनला ७१ मते पडली. २ जुलैला कायदा झाला.

पुढच्या वर्षी मतदानहक्काचा कायदा आला. मिसिसिपी राज्यात तोवर शंभर काळ्या प्रौढांत सातांचीही नावे मतदारयादीत नव्हती. दोन वर्षांत ती साठांच्या घरात गेली. याचे श्रेय एकट्या जॉन्सनचे नाही. सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाणारे नसते, मार्टिन ल्यूथर किंग नसता, तर जॉन्सनने घाई केली असती असे मला वाटत नाही. पण रस्त्यावरच्या मागणीचा कायदा करायला मते मोजता येणारा माणूस लागतो. राजकारण म्हटले की नाक मुरडणारी आपल्यातली मंडळी हे का विसरतात?

आता व्हिएतनाम. १९६४ च्या निवडणुकीत ‘युद्ध वाढवणार नाही’ असे सांगून तो प्रचंड बहुमताने आला आणि १९६५ च्या मार्चमध्ये त्याने फौजा उतरवल्या. १९६८ पर्यंत तिथे पाच लाखांवर अमेरिकन सैनिक होते. किती व्हिएतनामी माणसे मेली याचा हिशेब लाखांत करावा लागतो. कोटुलाच्या उपाशी पोरांची आठवण ठेवणाऱ्याला व्हिएतनामची पोरे कशी दिसली नाहीत, याचे उत्तर त्याच्या कुठल्याही कायद्यात सापडत नाही. मतदानहक्काचा कायदा दाखवून या युद्धाची माफी मागता येणार नाही. मात्र युद्ध दाखवून तो कायदाही खोडता येणार नाही.

आपला त्याच्याशी संबंध आला तो गव्हामुळे. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षे. त्या काळात जॉन्सनने भारताला धान्य दिले, पण हात आखडून, थोडे थोडे. आपल्या शेतीचे धोरण बदलावे हा त्यात एक हेतू होता. व्हिएतनामवर दिल्लीने टीका केलेली त्याला खपत नव्हती, हेही खरे. रेशनवरचा तो गहू आमच्या आजीने खाल्लेला आहे. दुसरीकडे, १९६५ च्याच ऑक्टोबरमध्ये त्याने परदेशी लोकांच्या प्रवेशाचा जुना, वंश पाहणारा कायदा बदलला. त्याआधी भारतीयांच्या वाट्याला वर्षाला जेमतेम शंभर जागा येत. पुढे आपली जी मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी तिकडे गेली, ती या बदललेल्या दारातून.

३१ मार्च १९६८ रोजी त्याने पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले आणि तो टेक्सासला आपल्या रँचवर परतला. २२ जानेवारी १९७३ रोजी तो वारला. व्हिएतनामच्या शस्त्रसंधीवर पॅरिसमध्ये सह्या झाल्या त्या पाच दिवसांनी.