पाठ केलेला शब्द आणि भेटलेला शब्द

विज्ञानाच्या मासिकात, तेही पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने, कथा-कादंबऱ्या वाचा असे सांगावे, हे तुमच्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. ‘हे भाषेच्या शिक्षकांचे काम, यांना कोणी सांगितले?’ असेही कोणी म्हणेल. पण शाळेत मराठीतून विज्ञान शिकून महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना शिकवताना मला एक गोष्ट वारंवार आढळते. विद्यार्थी गणितापाशी अडतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो त्याच्याही आधी, एखाद्या शब्दापाशी अडलेला असतो. आणि गंमत अशी की तो शब्द त्याला चांगला पाठ असतो.

‘निरपेक्ष शून्य’ हा शब्द घ्या. व्याख्या विचारा, वर्ग एका सुरात उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हा आकडा सांगतो. मग विचारावे, याला ‘निरपेक्ष’ का म्हणायचे? आता वर्ग गप्प. फारच आग्रह केला तर समानार्थी शब्दांच्या यादीतून कोणीतरी ‘निःस्वार्थी’ हा शब्द काढतो. शून्य निःस्वार्थी कसे असेल बरे? येथे गाडी रुळावरून घसरते.

वास्तविक ही गाठ सोडवायला तुमच्या रोजच्या बोलण्यातलाच एक तुकडा पुरेसा आहे. ‘गोविंदापेक्षा गोपाळ उंच आहे’ असे आपण म्हणतो. यातला ‘पेक्षा’ म्हणजे ‘अपेक्षा’ या शब्दाचेच झिजलेले रूप. आज अपेक्षा म्हणजे आशा एवढेच आपण धरतो. पण दुसऱ्या कशाचा तरी आधार घेणे, कशाशी तरी ताडून पाहणे हाही तिचा जुना अर्थ आहे. गोपाळची उंची येथे गोविंदाच्या आधाराने सांगितली, म्हणून ती सापेक्ष. सेल्सिअसचे शून्यही तसेच, पाण्याच्या गोठण्याचा आधार घेऊन ठरवलेले. १८४८ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी जी तापमानाची श्रेणी सुचवली ती कोणत्याही विशिष्ट पदार्थाच्या गुणधर्मावर अवलंबून नव्हती. ना पाण्याची अपेक्षा, ना पाऱ्याची. म्हणून निरपेक्ष! आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचे नावही याच दारातून आत आले आहे.

ज्या मुलाने ‘निरपेक्ष बुद्धीने केलेली मदत’, ‘धर्मनिरपेक्ष राज्य’, ‘फलनिरपेक्ष कर्म’ असे प्रयोग निरनिराळ्या पुस्तकांतून वाचले आहेत, त्याला ही फोड करून सांगावी लागत नाही. ‘कशावर तरी अवलंबून नसलेले’ हा समान धागा त्याच्या मनात आधीच तयार झालेला असतो. त्याला तो धागा कोणी शिकवलेला नसतो, आणि आपण तो शिकलो हे त्याला ठाऊकही नसते.

याद्यांवर माझा राग आहे तो यासाठी. यादी शब्दांमध्ये बरोबरचे चिन्ह घालते: पाणी = जल = नीर = उदक. बीजगणितात अ = ब असेल तर कोठेही अ च्या जागी ब लिहिता येतो. भाषेत तसे करून पाहा. ‘आज नळाला उदक आले नाही’ असे म्हटले तर घरचे लोक हसतील. उदक देवळात, पूजेत, जुन्या पोथीत शोभते. शब्द कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे त्याच्या अर्थाचाच भाग आहे आणि नेमका तोच भाग यादीत छापता येत नाही.

आता तुमच्या प्रयोगवहीकडे वळू. निरीक्षणाच्या रकान्यात मुले लिहितात, ‘पाणी बाहेर येते’. कसे येते? मराठीत त्यासाठी केवढी श्रीमंती आहे पाहा. पावसाचे पाणी जमिनीत झिरपते. माठाच्या अंगातून ते पाझरते, आणि त्या पाझरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते म्हणून माठातले पाणी गार राहते. बिघडलेल्या नळातून ते ठिबकते. थेंबाचे वजन पृष्ठताणाला भारी पडेपर्यंत थेंब तोटीला धरून राहतो आणि मग सुटतो. खिडकीच्या काचेवरून ते ओघळते. दाराशी टांगलेल्या छत्रीतून निथळते. ही पाच क्रियापदे म्हणजे एकाच क्रियेची पाच नावे नव्हेत. त्या पाच वेगळ्या भौतिक घटना आहेत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी जी कामे निघाली त्यांत ‘पाझर तलाव’ होते. आज शेतात ‘ठिबक’ सिंचन आहे. ही नावे अचूक आहेत. आणखी एक मासला देतो. पावसाळ्यात पापड सादळतो. कोरड्या वस्तूने हवेतले बाष्प शोषून मऊ पडणे, एवढी मोठी गोष्ट आपण एका क्रियापदात सांगतो. ज्याच्याजवळ हा शब्द आहे त्याला पापड, बिस्किट आणि आगपेटीतली काडी यांच्यात एकच घटना दिसते. ज्याच्याजवळ नाही, त्याला त्या तीन सुट्या तक्रारी वाटतात.

हे शब्द वाचनातून खरोखर येतात का, की ही केवळ वाचनप्रेमी लोकांची समजूत आहे? याची मोजमापे झाली आहेत. १९७८ साली सरागी, नेशन आणि माइस्टर यांनी एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत लेखकाने बरेचसे रशियनवरून घडवलेले शेकडो नवे शब्द पेरले आहेत. (कादंबरी तुमच्या वयासाठी नव्हे, म्हणून नाव सांगत नाही.) ते शब्द माहीत नसलेल्या वाचकांना ती वाचायला दिली आणि शब्दांची चाचणी होईल हे सांगितले नाही. नंतर अचानक ९० शब्द विचारले. सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली! जे शब्द पुस्तकात जास्त वेळा आले होते ते जास्त जणांना समजले होते.

पण हुरळून जाऊ नका. तेथे तेच शब्द पुनःपुन्हा येत होते. साध्या वाचनात एकदा भेटलेला शब्द क्वचितच टिकतो. स्वानबॉर्न आणि दे ग्लोपर या डच संशोधकांनी वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून १९९९ साली दाखवले की, वाचताना आलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्के शब्द विद्यार्थी आपोआप शिकतात. शंभरातले पंधरा. फार कमी वाटते ना? आता माझ्या विषयाचे गणित करू. पहिल्या भेटीनंतर ८५ शब्द अनोळखी उरले. दुसऱ्या भेटीत त्यांच्यातले १५ टक्के गेले, उरले ७२. पाचव्या भेटीनंतर उरतात ४४ आणि दहाव्या भेटीनंतर केवळ २०. हे तेच गणित आहे जे तुम्ही किरणोत्सारी मूलद्रव्याच्या अर्धायुष्यासाठी करता. अज्ञानाचे अर्धायुष्य येथे चार-पाच भेटी इतके निघते. प्रत्येक भेट सारखीच उपयोगी असते हे मी गृहीत धरले आहे, ते काटेकोर नव्हे. प्रयोगही परभाषांतले आहेत. मराठीत आकडा थोडा निराळा निघेल. पण एवढे स्पष्ट आहे की शब्दाची आणि तुमची भेट दहा वेळा व्हायची तर एक पाठ्यपुस्तक पुरणार नाही. त्याला भरपूर पाने लागतात, आणि भरपूर पाने माणूस गोष्टीच्या ओढीनेच वाचतो.

वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला कोश उघडावा का? माझे मत, नाही. समजा, तुम्ही विदर्भात वाढला आहात आणि कोकणातल्या एका गोष्टीत असे वाक्य आले: ‘आगोट जवळ आली तरी घराची शाकारणी झाली नव्हती, म्हणून आजोबा बेचैन होते.’ आगोट म्हणजे काय? कोणी म्हणेल, आगबोट असेल, ती जवळ येते. हरकत नाही, हे तुमचे गृहीतक. चार पानांनंतर येते, ‘आजीने आगोटीची बेगमी सुरू केली, सुके मासे, मिरच्या, लाकूडफाटा.’ बोटीसाठी लाकूडफाटा कशाला? गृहीतक कोसळले. मग लक्षात येते की ही पावसाची सुरुवात असली पाहिजे, आणि शाकारणी म्हणजे पावसाआधी केलेली छपराची डागडुजी. आता कोश उघडा आणि ताडून पाहा. अंदाज, नवा पुरावा, दुरुस्ती, पडताळा: प्रयोगशाळेत आम्ही याहून निराळे काय शिकवतो? आधीच कोश पाहिला असता तर उत्तर मिळाले असते, प्रयोग हुकला असता.

एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. साहित्यातला शब्द विज्ञानात कधी कधी दगा देतो. डोक्यावर ट्रंक घेऊन फलाटावर नुसता उभा असलेला हमाल घामाघूम होतो, पण ट्रंकेवर तो काहीही ‘कार्य’ करत नाही, कारण ट्रंकेचे विस्थापन शून्य. अशा पारिभाषिक शब्दांची व्याख्या नेमकी शिकावीच लागते, पाठही करावी लागते. कादंबरी वाचून ती येणार नाही. पण व्यवहारातले ‘कार्य’ ज्याला नीट ठाऊक आहे, त्यालाच या दोहोंतला फरक खटकतो. खटकले की लक्षात राहते.

काय वाचावे हे सांगण्याच्या फंदात मी पडत नाही, तरी दोन नावे घेतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपण नावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. त्यांच्या विज्ञानकथांत खगोलशास्त्रातल्या संज्ञा पात्रांच्या तोंडून येतात, व्याख्येच्या चौकटीतून नव्हे. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी शब्द वेचले. पक्षी रात्री विसाव्याला जमतात त्या जागेला त्यांनी ‘रातनिवारा’ म्हटले. या शब्दाला व्याख्या हवी आहे का, तुम्हीच सांगा. हे दोघेही लेखक २०२५ साली गेले. त्यांची पुस्तके मात्र वाचनालयात आहेत.

वाचनालय म्हटले की एक दुखणे निघते. नववी-दहावी आली की वेळापत्रकातला ग्रंथालयाचा तास विज्ञान-गणिताच्या जादा तासाला दिला जातो, आणि घरी ‘गोष्टीची पुस्तके आता बाजूला ठेव’ असे सांगितले जाते. हा जादा तास मिळणाऱ्यांपैकीच मी एक, म्हणजे फायदा माझ्याच विषयाचा. तरीही मला हा सौदा नुकसानीचा वाटतो. शिक्षकांनी तो तास परत द्यावा.

माझे म्हणणे नुसते मान्य करू नका, तपासा. वर्गातल्या कोणालाही माहीत नसलेले वीस शब्द शिक्षकांनी निवडावेत. दहा शब्द अर्थांसह यादी करून पाठ करायला द्यावेत. उरलेले दहा ज्यांत पुनःपुन्हा येतात अशा गोष्टी व उतारे तेवढ्याच काळात वाचायला द्यावेत, अर्थ सांगू नयेत. लगेच चाचणी घेतली तर बहुधा यादी जिंकेल. म्हणून तीन महिने थांबावे, मग न सांगता चाचणी घ्यावी, आणि नुसता अर्थ न विचारता प्रत्येक शब्द वाक्यात वापरायला सांगावे. कोणते दहा शब्द यादीत आणि कोणते वाचनात, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नाहीतर सोपे शब्द नकळत एकाच बाजूला जातात.