राखणदारालाही छप्पर हवे

गोठ्यावर पत्रा आहे, शेळ्यांना वाडगे आहे, कोंबड्यांना खुराडे आहे. पावसाळा तोंडावर आला की कडब्याच्या गंजीवरसुद्धा आपण ताडपत्री टाकतो. मग शेतकरी बंधूंनो, या सगळ्यांची रात्रभर राखण करणारा जो प्राणी आहे, तो कुठे झोपतो? बैलगाडीखाली, चुलीच्या राखेत, नाही तर अंगणातल्या खुंट्याला दोन हात साखळीवर! दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्यांना आपण हात जोडतो, आणि दारातल्याला शिळा तुकडा टाकला की आपले कर्तव्य संपले असे समजतो.

कोणी म्हणेल, माणसांना घरकुल मिळेना आणि तुम्ही कुत्र्याच्या घराचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण ही केवळ भूतदयेची गोष्ट नाही. तुमच्या घराच्या, लेकराबाळांच्या सुरक्षेची आहे. ती कशी, ते पाहा.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, सिन्नर, निफाड या पट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. तो उसातच राहतो, उसातच त्याची पिल्ले वाढतात. तोड सुरू झाली की आसरा मोडतो आणि तो वस्त्यांच्या आजूबाजूला फिरू लागतो. अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून काढलेले निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव आणि गावातलेच प्राणी निघाले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, शेळ्यांचा अवघा ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, हेही ध्यानात घ्या.

असे का व्हावे? शेळीचे मांस बिबट्याला कडू लागते की काय? तसे नाही. शेळी दिवसा राखणीत असते आणि रात्री वाडग्यात कोंडलेली असते. कुत्रा मात्र उघड्यावर असतो. म्हणजे जे आपण बंदिस्त केले ते बऱ्याच अंशी वाचले, जे उघडे ठेवले ते गेले. एवढा साधा धडा त्या आकड्यांत आहे.

अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याची तर आणखी कठीण गत. त्याला पळता येत नाही, दडता येत नाही. राखणीला म्हणून बांधलेला प्राणी तिथे आमिष होऊन बसतो. त्याच्या मागावर बिबट्या थेट ओट्यापर्यंत येतो, आणि उन्हाळ्यात त्याच ओट्यावर आपली पोरे झोपलेली असतात. घरचा कर्ता माणूस रात्रीच्या लाईटीला पाणी भरायला गेलेला. अशा वेळी कुत्र्याला पक्के वाडगे असेल तर तो आतून भुंकून वस्ती जागी करतो आणि स्वतःही वाचतो.

आता हे करायचे कसे? त्याला ना इंजिनिअर लागतो ना मोठा खर्च. घरचा पत्रा, जुन्या फळ्या, चार लोखंडी खांब आणि तारेची जाळी, एवढ्यात काम भागते.

आधी जागा. घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात, घरातून दिसेल अशी निवडा. उसाच्या कडेला किंवा उकिरड्याजवळ नको. जमीन थोडी उंचवट्याची हवी, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. दुपारी झाडाची सावली पडत असेल तर फारच उत्तम. मात्र झाडाची फांदी वाडग्यावर टेकलेली नसावी.

मग खोपट. गावठी मध्यम कुत्र्याला साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढे पुरते. मापाची खूण सोपी आहे: कुत्र्याला आत उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, पाय ताणून झोपता आले पाहिजे. त्याहून फार मोठे केले तर थंडीत ते ऊब धरत नाही. तळ जमिनीपासून सहा ते नऊ इंच वर घ्या, विटांवर फळ्या टाकल्या तरी चालतील. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पाठ तिकडे करा आणि दार पूर्वेला ठेवा. हिवाळ्यात सकाळचे ऊनही आत येईल. दार मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवले तर आत आडोसा मिळतो.

छपराला मागे उतार द्या आणि दारावर वीतभर पुढे काढा. नुसता पत्रा मात्र ठेवू नका. वैशाखात त्याखाली भाकरी भाजेल! पत्र्यावर पाचटाचा जाड थर बांधा, नाही तर वरून चुना मारा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्यामुळे सावली, वारा आणि पाणी ही त्याची उन्हाळ्यातली खरी गरज. पाण्याला सिमेंटची जड कुंडी ठेवा, ती कलंडत नाही. रोज धुवा, रोज भरा. थंडीत आत कोरडे बारदान किंवा पेंढा घाला. पावसाळ्यात भिजलेले बारदान तसेच राहू दिले तर अंगाला खरूज आणि गोचीड आलेच म्हणून समजा.

खोपटाभोवती वाडगे. निदान दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच. जाळी जाड तारेची, खांब पक्के रोवलेले, आणि जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरलेला, म्हणजे आतून-बाहेरून उकरता येणार नाही. बिबट्याच्या भागातल्या वाचकांना एक गोष्ट ठासून सांगायची आहे: वरूनही जाळी घाला. सहा फुटांची भिंत बिबट्याला अडवत नाही, आणि वर उघडे असलेले वाडगे म्हणजे ताटात वाढून ठेवल्यासारखेच. दाराला घट्ट कडी आणि वर एक खिट्टी. ज्याला एवढेही जमत नाही त्याने निदान रात्री कुत्र्याला पडवीत घेऊन दार लावावे.

आणि समजा बिबट्या आलाच, तर काठी घेऊन अंधारात एकट्याने धावू नका. घरातूनच बॅटरी मारा, डबा वाजवा, शेजाऱ्यांना हाका मारा. वाडगे पक्के असेल तर तेवढा वेळ मिळतो.

वाडगे बांधले म्हणजे कुत्रा जन्मभर कोंडायचा, असे मात्र नाही. सांजेला आत, उजाडले की बाहेर. सकाळ-संध्याकाळ मोकळे फिरवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याबाबत स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला जनावर फार वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे, हे सगळे गुन्हे आहेत.

निवाऱ्याबरोबर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याची लस, आणि पुढे दरवर्षी. जंताचे औषध वेळच्या वेळी. कुत्र्याची विष्ठा रोज उचलून पुरावी, चाऱ्यात जाऊ देऊ नये. तिच्यातून गाई-म्हशींचे गाभ पाडणारा रोग पसरू शकतो. जत्रेत बोकड कापला की आतडी-फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकतात, तेही बंद करा. त्यातून जाणाऱ्या जंतामुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. आणि पिकावरचे कीटकनाशक गोचिडासाठी कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नका. कितीतरी चांगली कुत्री त्या एका अडाणीपणाने तडफडून मेली आहेत. गोचिडाचे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे, आणि खोपटाच्या फटी बुजवून आतून चुना मारावा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना दोन शब्द. वस्तीवस्तीवर कुत्री किती, लस किती जणांना, याची साधी वही ग्रामपंचायतीने का ठेवू नये? पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून एक दिवस सगळ्या गावाचे लसीकरण ठरवावे. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरची कुत्री त्यात विसरू नयेत. त्या कोप्यांना दार नसते आणि त्या फडालाच लागून असतात. सर्वांत जास्त धोका तिथेच. कारखान्याने आणि ग्रामपंचायतीने मिळून कोप्यांच्या तळावर जाळीचे एक मोठे वाडगे उभे केले, तर कुत्री, शेळ्या, कोंबड्या सगळेच त्यात सुरक्षित राहतील.

पोळ्याला बैलाला आपण पुरणपोळी देतो, कारण तो आपल्यासाठी राबतो. कुत्रा राबतो ते रात्री, आपण झोपलेलो असताना. म्हणून ते दिसत नाही, एवढेच. यंदाची तोड वस्तीपर्यंत पोहोचण्याआधी एक दिवस काढा, चार खांब रोवा. तुमच्या दारात रात्रभर जागणाऱ्यावर तुमचे तेवढे देणे लागते.