परीक्षक की विक्रेते?

घरात नवा मोबाइल, लॅपटॉप अथवा धुलाईयंत्र घ्यावयाचे ठरले की, आजचे मध्यमवर्गीय कुटुंब दुकानाची पायरी चढण्यापूर्वी यूट्यूबवरील चित्रफिती पाहते. दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा तिऱ्हाइताचे मत बरे, हा त्यामागील विचार शहाणपणाचाच आहे. ज्या वस्तूसाठी महिन्याचा अख्खा पगार मोजावा लागतो, ती चौकशी करूनच घेतली पाहिजे. प्रश्न एवढाच की, ज्यास आपण तिऱ्हाईत समजतो, तो खरोखरीच तिऱ्हाईत असतो काय?

ही शंका निराधार नव्हे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स वन' हे खेळांचे यंत्र बाजारात आले, तेव्हा त्याची वाखाणणी करणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर झळकल्या. त्यांच्या कर्त्यांपैकी एकास १५,००० व दुसऱ्यास ३०,००० डॉलर मिळाले होते. प्रेक्षकांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. हा व्यवहार घडविणाऱ्या मशिनिमा या संस्थेवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली. पुढे २०२२ मध्ये याच आयोगाने गूगल व आयहार्टमीडिया या कंपन्यांवर असा आरोप ठेवला की, 'पिक्सेल ४' हा फोन हाती न आलेल्या रेडिओ-निवेदकांकडून त्यांनी स्वानुभवाच्या थाटात त्याची स्तुती करवून घेतली. हे प्रकरण ९४ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. माध्यम निराळे, परंतु रोग तोच!

म्हणून सारेच परीक्षक विकले गेले आहेत, असे आम्ही म्हणत नाही. यंत्र उघडून दाखविणारे, महिनोन्महिने वापरून त्याचे गुणदोष निर्भीडपणे सांगणारे अभ्यासू लोकही येथे आहेत. परंतु या व्यवसायाची रचनाच अशी आहे की, प्रामाणिक माणसाचाही पाय घसरावा. चित्रफितीखाली दिलेल्या दुव्यावरून वस्तू खरेदी झाली तर कर्त्यास दलाली मिळते. नवा फोन विक्रीस येण्यापूर्वीच कंपनीकडून परीक्षकाच्या हाती येतो, आणि कठोर बोलल्यास पुढचा येईलच याची शाश्वती नसते. अशा स्थितीत खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. पुरते खरे न बोलले तरी भागते.

मग ग्राहकाने पारख कशी करावी? परीक्षकाने आपला आर्थिक संबंध आरंभीच सांगितला आहे काय, हे प्रथम पाहावे. वस्तू किती दिवस वापरली, हे त्यानंतर विचारावे. बॅटरीचा टिकाऊपणा पहिल्या दिवशी कोणासही कळत नाही. 'उत्तम', 'अफलातून' या विशेषणांना किंमत देऊ नये. पडद्याचा उजेड किती ठेवला असता बॅटरी किती तास चालली, असे मोजमाप मागावे. ही वस्तू कोणी घेऊ नये, हे जो सांगू शकत नाही, तो परीक्षक नव्हे, विक्रेता होय. प्रेक्षकांची संख्या हा तर पुरावाच नव्हे. नापसंतीचा आकडाही यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून प्रेक्षकांपुरता झाकून टाकला आहे.

कायदा याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय प्राधिकरणास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जून २०२२ च्या नियमांनी आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक केले. जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शनानुसार ही कबुली शिफारशीच्याच भाषेत हवी, आणि चित्रफितीत ती दिसावी तशीच ऐकूही यावी. मराठीत रसाळ शिफारस करावयाची आणि मोबदल्याची कबुली कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत उरकावयाची, ही चलाखी या मार्गदर्शनात बसत नाही. अशी फसवणूक दिसल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करण्याचा आळस ग्राहकानेही करू नये.

चित्रफिती फुकट पाहावयास मिळतात, तेव्हा त्यांच्या कर्त्यांनी मिळवावे कोठून, असे कोणी विचारील. त्यांनी अवश्य मिळवावे. परंतु सांगून मिळवावे. वृत्तपत्रेही जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात. मात्र जाहिरातीवर 'जाहिरात' असे छापलेले असते. ती रेघ पुसली गेली, तर वाचकाने आमच्यावर तरी विश्वास का ठेवावा? जो नियम आम्हांस लागू, तोच त्यांना लागू असावा, यात अन्याय तो कोणता? मत कमावलेले आहे की विकत घेतलेले, हे जाणण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्याचा आहे. तो त्याने हट्टाने मागितला, तरच प्रामाणिक परीक्षकांचा या बाजारात निभाव लागेल.