तीन सहली, एक नदी

दोस्तांनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "यंदा कुठं जायचं?" आणि बहुतेक घरांत उत्तरही एकच मिळतं, "बघू!" या "बघू"चा अर्थ तुम्हाला चांगलाच ठाऊक आहे. तो सांगायला माझी गरज नाही.

आई-बाबांचंही चुकत नाही, बरं का. काश्मीर, केरळ म्हटलं की रजा आली, आरक्षण आलं आणि मोठा खर्च आला. पण भटकंतीला लांबच जावं लागतं, हे कुणी सांगितलं? आज आपण धर्माबाद हे गाव मधोमध धरून तीन सहली आखू. धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाचं, तेलंगणाला खेटलेलं गाव. इथली लाल मिरची प्रसिद्ध. मिरचीच्या हंगामात बाजारात पाय ठेवा, शिंका येऊनच तुमचं स्वागत होईल!

तुम्ही लातूरला, परभणीला किंवा पुण्याला राहत असलात तरी पान उलटू नका. रीत एकदा कळली की ती कुठल्याही गावाला लागू पडते.

आधी वर्तुळ काढा

जिल्ह्याचा नकाशा घ्या. त्यावरचं प्रमाण वाचा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर असेल, तर कंपासपेटीतला कंपास साडेसात सेंटिमीटर उघडा. टोक धर्माबादवर ठेवा आणि वर्तुळ काढा. झाला तुमचा ७५ किलोमीटरचा मुलूख! त्यात नांदेड येईल, कंधार येईल, सहस्रकुंड येईल. वर्तुळाचा मोठा तुकडा तर थेट तेलंगणात जाईल.

आता निळ्या पेन्सिलीने त्यातल्या नद्या गिरवा. गोदावरी, मांजरा, मन्याड, पैनगंगा. या चारही नद्यांचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं. म्हणून या लेखाचं नाव "तीन सहली, एक नदी".

पहिली सहल : चौदा दरवाज्यांची गोष्ट

ही एका दिवसाची सहल. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. त्याला चौदा दरवाजे आहेत आणि साठवण आहे २.७४ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. मग २.७४ टीएमसी म्हणजे किती? गणिताची वही काढा.

पण खरी गंमत पुढे आहे. नदीच्या खालच्या अंगाला तेलंगणात श्रीरामसागर हे मोठं धरण आहे. बाभळीत पाणी अडवलं तर आमच्या धरणात कमी येईल, असं तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचं म्हणणं होतं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहील, पण दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवायचे. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. दरवाजे उघडताना दोन्हीकडचे अधिकारी आणि केंद्रीय जल आयोगाचे लोक हजर असतात.

म्हणूनच ही जागा दोनदा पाहायची. ऑगस्टमध्ये गेलात तर दरवाजे वर उचललेले आणि नदी खालून धो धो वाहतेय. नोव्हेंबरमध्ये गेलात तर दरवाजे बंद आणि मागे जेवढं अडलं असेल तेवढं पाणी शांत उभं. जागा तीच, चित्रं दोन! पावसाळा सरता सरता जेवढं वाहून येईल तेवढंच इथे अडतं, ही इथल्या शेतकऱ्यांची व्यथा. ती त्यांच्याच तोंडून ऐका. मग खालच्या गावातल्या शेतकऱ्यालाही विचारा. दोघांचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका. न्यायाधीशही तेच करतात.

बंधारा रस्त्यावरून, लांबूनच पाहायचा. पात्रात उतरायचं नाही. वर विष्णुपुरी आणि जायकवाडी ही धरणं आहेत. इथे ऊन पडलेलं असलं तरी वरून सोडलेलं पाणी येऊन थडकू शकतं.

दुपारी रेल्वेने बासरला जा. १९०० च्या सुमारास हैदराबाद आणि मनमाड जोडण्यासाठी जी लोहमार्गाची वाट पडली, तिच्यावरच धर्माबाद आणि बासर ही दोन्ही स्टेशनं आहेत. प्रवास अगदी थोडा, पण उतरल्यावर पाटीवर गोल गोल तेलुगू अक्षरं! बासरला सरस्वतीचं प्रसिद्ध मंदिर आहे. लहान मुलांच्या हातून पहिली अक्षरं गिरवून घ्यायला दोन्ही राज्यांतले लोक इथे येतात. तुम्हीही चार तेलुगू शब्द गिरवून जा. "नीळ्ळु" म्हणजे पाणी, "एंता" म्हणजे केवढ्याला, "एक्कड" म्हणजे कुठे. दुकानदाराला "एंता?" म्हणून विचारा. तो हसेल आणि बहुधा मराठीतच उत्तर देईल. सीमेवरची माणसं तीन-तीन भाषा बोलतात.

बासरच्या थोडं वर मांजरा नदी गोदावरीला मिळते. ही मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. मग लातूर, बिदर असा मोठा वळसा घालून, वाटेत निजामसागर भरून इथे येते. ७२४ किलोमीटरची ही वाट नकाशावर बोटाने चालून बघा. लातूरकरांनो, ही तुमचीच नदी!

दुसरी सहल : पाण्यातला किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्याला डोंगर आठवतो. कंधारचा किल्ला मात्र भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा. डोंगर नाही, मग शत्रूला अडवायचं कसं? भोवती खोल खंदक आणि त्यात पाणी! नांदेडहून एसटीने कंधारला जाता येतं, एक दिवस पुरतो.

वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी खोदवलं, त्या राष्ट्रकूट घराण्याशी कंधारचं नातं आहे. या घराण्यातला तिसरा कृष्ण हा राजा इ. स. ९३९ ते ९६७ या काळात राज्य करत होता. त्याच्या काळातला एक शिलालेख कंधारला मिळाला आहे. गावाजवळचा जगत्तुंग सागर हा तलावही राष्ट्रकूटांच्या काळचा. इथे क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेषही सापडले. पुढे बहामनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम असे धनी बदलत गेले. प्रत्येकाने थोडं पाडलं, थोडं बांधलं.

म्हणून किल्ल्यात नुसतं पळू नका, शोध घ्या. एक वेगळा दिसणारा दगड शोधा, एक फारसी लेख शोधा, जुन्या मंदिराचा वाटावा असा एक कोरीव तुकडा शोधा. ज्याला तिन्ही सापडतील त्याला परतीला खिडकीची जागा! तटाच्या कडेला मात्र कुणी बसायचं नाही. जुने दगड ढिले झालेले असतात. आणि कोळशाने भिंतीवर नाव लिहिणाऱ्याला पुढच्या सहलीतून वगळायचं, मग तो घरातला थोरला का असेना.

तिसरी सहल : हजार धारा

सहस्रकुंडचा धबधबा पैनगंगेवर, इस्लापूरजवळ आहे. एका काठावर नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठावर यवतमाळ. काळ्या खडकांत नदीच्या अनेक धारा होतात आणि त्या एकदम खाली झेपावतात. मुदखेडला गाडी बदलून आदिलाबादच्या मार्गावर निघालात, की सहस्रकुंड नावाचं स्टेशनच लागतं. मात्र या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. परतीची वेळ आधी बघा, मग जायची. दोन दिवस हाताशी असतील तर पुढे किनवट आणि माहूर करा. माहूरला रेणुकादेवीचं मंदिर आहे, डोंगरावरचा किल्ला आहे आणि कोरीव लेणी आहेत.

पावसाळ्यात सहस्रकुंडाचं रूप पाहण्यासारखं असतं, आणि धोकाही तेव्हाच सगळ्यांत जास्त असतो. खडक शेवाळलेले. वरच्या अंगाला इसापूर धरण. तिथून पाणी सोडलं की प्रवाह बघता बघता फुगतो. पट्टीचा पोहणाराही इथे टिकत नाही. तेव्हा आपला नियम साधा आहे : धबधबा डोळ्यांनी पाहायचा, पायांनी नाही. फोटोसाठी पाण्याकडे पाठ करून मागे सरकायचं तर मुळीच नाही.

कुणी पडलंच तर? त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा जातो आणि घरची दोन माणसं जातात. दोर, साडी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका. मोठ्याने ओरडून माणसं गोळा करा. ११२ वर फोन लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन आकडे घरातल्या सगळ्यांत धाकट्यालाही पाठ हवेत.

खिशाचा हिशेब

"पण पैसे?" हा बाबांचा प्रश्न. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं, आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना २०२२ पासून मोफत. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, हे बासरला निघताना लक्षात ठेवा. वयाचा पुरावा जवळ असू द्या. हॉटेलचा खर्च नको असेल तर दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून घ्या. दिवसभर टिकतात. पाणी घरचं. सोबत मीठ-साखरेची पुडी, एक शिट्टी, लांब दोर, टॉर्च आणि कोरडे कपडे.

सहलीआधी एक वही करा. डाव्या पानावर "लागेल" असं वाटतं तो खर्च, उजव्या पानावर खरोखर झालेला. पहिल्या सहलीत दोन्ही बाजू जुळणार नाहीत. तिसऱ्या सहलीत जुळू लागतील. मग पुढच्या सुट्टीत "बघू" म्हणायला बाबांना कारणच उरणार नाही!

कामांची वाटणी

सहल म्हणजे बाबांनी ठरवायचं, आईने डबे भरायचे आणि मुलांनी "आलं का, आलं का" विचारायचं, असं आपल्याकडे होऊन बसलंय. हे बदलू या. चिठ्ठ्या टाका. वाटाड्या, खजिनदार, टिपणकार, डबेवाला आणि राखणदार. ज्याला जी चिठ्ठी येईल ते काम त्याचं. आईच्या हाती नकाशा आला आणि बाबांना धपाटे थापायला लागले, तर खरी मजा! राखणदाराची चिठ्ठी मात्र मोठ्यांपैकीच कुणाला तरी यायला हवी. पाण्याजवळ त्याने फोन खिशात ठेवायचा आणि फक्त मुलांकडे बघायचं.

माघारीचा नियम

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. सहलीत कुणीही, अगदी पहिलीतल्या पिंकीनेही, "मला भीती वाटते, परत जाऊ" असं म्हटलं तर सगळ्यांनी थांबायचं. भ्याला म्हणून कुणी हसायचं नाही. वाटाड्याने दुसरी वाट शोधायची. ती नसेल तर मागे फिरायचं. गाडीभाडं गेलं, दिवस गेला, तरी चालेल.

कारण धाडस म्हणजे पुढे घुसणं नव्हे. थांबायचं कुठे हे ज्याला कळतं, त्यालाच घरचे पुन्हा पुन्हा भटकू देतात. ज्या पोराला वाटतं की "नाही" म्हटलं तर घरचे ऐकतील, तेच पोर पुढच्या वेळी आनंदाने बॅग भरतं. नदी कुठे पळून जात नाही. पुढच्या महिन्यात परत जाता येतं.

करून पाहा

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद आणि बासर या पाच स्टेशनांचे आकडे वहीत टिपा आणि आलेख काढा. लोहमार्ग नदीच्या दिशेनेच जातो. मग आकडे एकसारखे उतरतात का? मध्येच एखादा चढतो का? चढला तर का? भूगोलाच्या बाईंना विचारण्याआधी स्वतः डोकं खाजवा.

आणि हो, धर्माबादऐवजी तुमचं गाव मधोमध ठेवून वर्तुळ काढायला विसरू नका. त्यात तुमची नदी कोणती निघाली, ती कुठून आली आणि कुठे गेली, हे चार ओळींत कळवा. चला, कंपासपेटी शोधा पाहू!