प्रतिक्षिप्त क्रिया जिथे धोका ओळखत नाही

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत २१ ऑगस्ट २०२५ रोजी वायुगळती होऊन चार कामगारांचा मृत्यू झाला. हा वायू नायट्रोजन असल्याचे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. नायट्रोजन तसा विषारी नाही. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत त्याचेच प्रमाण ७८ टक्के असते. मग अशा गळतीत माणसाला बाहेर पळायलाही वेळ का मिळत नाही?

त्यासाठी शरीराच्या हालचाली कशा होतात ते पाहावे लागेल. गरम तव्याला बोट लागले की आपण ठरवण्याआधीच हात मागे येतो. त्वचेकडून निघालेला संदेश मेरुरज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. चटका बसल्याचे मेंदूला कळते ते त्यानंतर. ही प्रतिक्षिप्त क्रिया. ऐच्छिक हालचालीचा मार्ग लांबचा आहे. मेंदू परिस्थितीचा अर्थ लावतो, निर्णय घेतो, मग स्नायू हलतात. दिवा लागताच बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामालाही साधारण पाव सेकंद लागतो.

प्रतिक्षिप्त क्रिया वेगवान असते, पण ठरावीक संवेदना मिळाली तरच ती सुरू होते. अमोनिया किंवा क्लोरीन गळला तर डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस आपोआप तोंड फिरवतो. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि तो घशालाही झोंबत नाही. त्यामुळे खोकला येत नाही.

श्वास कोंडल्याची जाणीवही होत नाही. श्वास रोखल्यावर जी तगमग होते, ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नायट्रोजनने भरलेल्या जागेत उच्छ्वास नेहमीसारखाच चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. ऑक्सिजन घटल्याचा इशारा देणारी यंत्रणा शरीरात आहे, पण तो इशारा क्षीण असतो. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांतही शुद्ध हरपू शकते. म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया जागी होत नाही आणि ऐच्छिक हालचाल करणारा मेंदूच बंद पडतो.

अशा अपघातांत मदतीला धावणारेही बळी पडतात. सहकारी कोसळलेला दिसताच आत धावणे आपोआप घडल्यासारखे वाटते; पण ती प्रतिक्षिप्त क्रिया नाही. तो मेंदूने घाईत घेतलेला निर्णय असतो, म्हणूनच सरावाने तो बदलता येतो. आधी धोक्याची घंटा, मग हवेच्या सिलिंडरसह श्वसनसंच, त्यानंतरच आत प्रवेश. तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा साधा मास्क इथे निरुपयोगी आहे, कारण तो ऑक्सिजन पुरवत नाही.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९९२ ते २००२ या काळातील नायट्रोजनचे ८५ अपघात तपासले. त्यांत ८० जण दगावले होते. म्हणजे हा धोका जगाला नवा नाही. हवेतील ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजणारा मापक, खेळती हवा आणि कंत्राटी कामगारांसह सर्वांची नियमित रंगीत तालीम, हे उपायही ठाऊक आहेत. तारापूरच्या कारखान्यांची तपासणी करताना हा मापक आहे का आणि तो चालतो का, हे आधी पाहायला हवे. जिथे शरीर इशारा देत नाही, तिथे तो यंत्रानेच द्यायला हवा.